ताईचे बाहेरचे शनिवार

माझ्या ताईला आमच्या गावातली निम्मी माणसं खाण्यापिण्यातली दर्दी म्हणून ओळखतात. पाहुण्यांना कुठे न्यावं, साहेबाला कुठे खूश करावं, भांडलेल्या बायकोला कुठे मनवावं, तर ताईला विचारावं. ती सांगते तिथे माणसं जातात आणि दुसऱ्या दिवशी दुकानात डोकावून तिचे आभार मानतात. ही कीर्ती तिने मिळवली तेव्हा तिला कशाचाही वास येत नव्हता, हे मात्र यातल्या कोणालाच माहीत नाही. मला माहीत आहे, कारण मी तिची धाकटी बहीण आहे आणि बहिणीच्या बाबतीत माणसाला नको ते सगळं माहीत असतं.

आमचं गाव म्हणजे एका मोठ्या शहराच्या कडेला वाढलेलं लहान शहर. सकाळी सगळे तिकडे जातात, संध्याकाळी झोपायला इकडे येतात. इथे खाण्यापिण्यासारखं काही नाही, असं आम्ही सगळेच कळायला लागल्यापासून म्हणत आलो. मी तर गाडी चालवायला शिकवते. इथला एकूण एक रस्ता मी शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, एक पाय ब्रेकवर ठेवून पाहिलेला आहे. तरी मीही तेच म्हणायचे. जीव मुठीत धरून बसलेल्या माणसाला दुकानांच्या पाट्या दिसत नाहीत. ओरडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, हेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला वाईट वाटायला नको.

ताई आणि भावोजी खुर्च्यांच्या आणि सोफ्यांच्या गाद्या करतात. खाली दुकान, वर घर. भावोजी जुनं रेक्झिन फाडतात, खिळे उपटतात, फोम कापतात, पट्टे ताणतात. ताई मशीनवर खोळी शिवते. गावातल्या बहुतेक हॉटेलांचं काम यांच्याकडेच. म्हणजे सगळी हॉटेलं दोघांनी पाहिलेली, पण सकाळच्या वेळी, मागच्या दाराने, खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असताना. समोरच्या दाराने आत जाऊन, खुर्चीवर बसून, काहीतरी मागवून खाल्लंय असं त्यांच्या संसारात कधी झालं नव्हतं. भावोजी कंजूष नाहीत. त्यांना ते सुचलंच नव्हतं, आणि ताईने कधी सुचवलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्या वर्षी जे राहून जातं ते पुढे राहूनच जातं.

भावोजींचा स्वभावही सांगायला हवा. त्या माणसाने आजवर कशालाही वाईट म्हटलेलं नाही. भाजी जळो, पाऊस गळो, गिऱ्हाईक पैसे बुडवून जावो, भावोजींचं एकच मत: छान आहे. मी त्यांना एकदा म्हटलं होतं की तुमच्या अंगावर गाडी घातली तरी तुम्ही टायर छान आहेत म्हणाल. त्यावरही ते हसून छान म्हणाले.

तर गेल्या वर्षी ताईला ताप आला. चांगला आठवडाभर अंथरुणाला खिळली होती. ताप गेला, पण जाताना तिचा वास घेऊन गेला. हे तिने कोणालाच सांगितलं नाही. चार दिवसांनी येईल परत, कशाला बोभाटा, असा तिचा हिशोब. मग चार दिवसांचे चार आठवडे झाले, आणि एखादी गोष्ट वेळेवर सांगितली नाही की नंतर ती सांगायला तोंड उरत नाही, तसं तिचं झालं.

पण वासाशिवाय स्वयंपाक करायचा म्हणजे डोळे बांधून गाडी चालवण्यासारखं. मी दर शुक्रवारी तिच्याकडे जेवायला असते, कारण माझा शेवटचा विद्यार्थी त्याच गल्लीत राहतो आणि त्याच्यानंतर मला कोणीतरी काहीतरी आयतं वाढावं लागतं. ती बरी झाल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी ताटात जे आलं त्यात कांद्याचा कोळसा होता, दूध नासलेलं होतं आणि मीठ मुठीने घातलेलं होतं. जेवण पचपचीत लागतंय म्हणून ती मीठ वाढवत गेली होती. मी भावोजींकडे बघितलं. ते शांतपणे घास चावत होते. छान झालंय, म्हणाले. मी बोलायला तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच पुन्हा मिटून घेतलं. ताई आजारातून नुकती उठली होती, आणि ती तिच्या ताटाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती. अशा बाईला काय सांगणार? तेव्हापासून आम्हा दोघांची अळीमिळी गुपचिळी सुरू झाली.

काही शुक्रवारांनंतर भावोजी मला सोडायला खाली आले आणि माझ्या गाडीत शेजारी येऊन बसले. पोट धरून बसले होते. तिला सांगायचं कसं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तोंडाने. त्यांनी मान हलवली. तापाने हात बिघडलाय बिचारीचा, म्हणाले, येईल पुन्हा वळणावर. तोवर निदान आठवड्यातून एकदा तरी तिला चुलीपासून लांब ठेवायला हवं. मग ते बराच वेळ काचेतून समोर बघत राहिले. ते खोटं बोलायची तयारी करतायत हे मला तेव्हा कळलं नाही, कारण त्यांना तसं करताना मी कधी बघितलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ताईला सांगितलं की बस डेपोमागच्या माशांच्या हॉटेलवाल्याची नवीन अट आहे. खुर्ची दहा मिनिटं बसून कळत नाही, माणूस जेवणभर बसतो, तेव्हा कारागिरानेही जेवणभर बसून बघायला हवं. बायकोला घेऊन, कारण खोळी तिच्या. ताईला ते पटलं. जो माणूस कधी खोटं बोललेला नाही त्याचं पहिलं खोटं बिनबोभाट खपून जातं.

चांगले कपडे घालून दोघं निघाले आणि सवयीने मागच्या दाराने आत शिरले. भांडी घासणाऱ्यांना ओलांडून, वाफेतून, थेट भट्टीपाशी. आचारी ओरडला की गर्दीच्या वेळी कामाला कशाला आलात, सकाळी या. भावोजी म्हणाले, जेवायला आलोय. आचाऱ्याने यांच्या इस्त्रीच्या कपड्यांकडे बघितलं, हातातला झारा खाली ठेवला आणि स्वतः त्यांना बाहेर टेबलापर्यंत सोडायला आला. दर्शनी दरवाजा कुठल्या रस्त्यावर उघडतो ते यांना जेवून बाहेर पडल्यावर कळलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

तिथे ताईने भाजलेला मासा खाल्ला आणि तिला त्याचा वास शून्य आला. पण बाकीचं सगळं आलं. कातडी दाताखाली कुरकुरली ते आलं, लिंबाने जिभेच्या कडा आवळल्या त्या आल्या, ताटली गरम होती ती बोटांना कळली, शेजारच्या टेबलावरचं भांडण ऐकू आलं, वेटर तीनदा येऊनही उठा असं न सुचवता गेला ते आलं. घरी येऊन तिने मला फोन केला आणि तासभर सांगत राहिली. त्या बाईला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी वाढलं होतं.

मग हे दर शनिवारी सुरू झालं. भावोजींची कामं झालेली हॉटेलं संपली तेव्हा ते म्हणाले, आता पुढे ज्यांचं काम मिळू शकेल त्यांच्या खुर्च्या आधी बघून ठेवायला हव्यात. खोट्याला एकदा चाकं लावली की ते उतारावर आपोआप पळतं. पेट्रोल पंपामागे चार टेबलांचं सूपचं दुकान निघालं. बंद पडलेल्या थिएटरच्या तळघरात एक बाई फक्त ताजा पाव आणि चार प्रकारचं लोणी विकत होती, आणि त्याच थिएटरच्या आवारात माझे विद्यार्थी रोज गाडी उलटी वळवायला शिकत होते. एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्ट बंद असली तर चढून जावं लागेल अशा ठिकाणी, निखाऱ्यावर भाज्या भाजून देणारे नवराबायको होते. हे सगळं आमच्याच गावात, आमच्याच नाकासमोर.

ताईचं मत मी गाडीत विद्यार्थ्यांना ऐकवायचे, कारण सिग्नलला काहीतरी बोलावं लागतं. ती सांगायचीही वेगळंच. अमुक ठिकाणी मसाला कसा, हे तिने कधी सांगितलं नाही. पावाची कड मोडली की शेजारच्या टेबलाला ऐकू जाते, असं सांगायची. अमक्या ठिकाणी समोरच्याचं बोलणं एका खेपेतच ऐकू येतं, पुन्हा विचारावं लागत नाही. त्या दुसऱ्याकडे जाऊ नका, तिथला मालक गल्ल्यावरून तुमचे घास मोजतो. विद्यार्थी जायचे, खूश होऊन यायचे, आणि पुढच्या तासाला गाडी सुरू करायच्या आधी विचारायचे की या शनिवारी ताई कुठे गेल्या होत्या. हळूहळू लोक थेट तिच्या दुकानात यायला लागले. भावोजींची छाती फुगली. मला हसू आवरेना. वास न येणारी बाई गावाला जेवायला शिकवत होती, आणि मलाही तेव्हा ते माहीत नव्हतं. मी हसत होते ते आमच्या ताईसारखी कोळसा शिजवणारी दर्दी ठरली म्हणून.

टायरच्या दुकानावरचा कॉकटेल लाउंज त्यांना असाच सापडला. खाली टायर, वर मखमली खुर्च्या आणि मंद दिवे. ताई जिन्यातच थांबली. इथे दारू मिळते, म्हणाली. भावोजी म्हणाले की खुर्च्याही मिळतात. आत लांब काउंटरमागे एक टकला, शांत माणूस वीसेक बाटल्यांतून थेंब थेंब घेऊन काहीतरी हलवत होता. भावोजींनी त्याला पाहताक्षणी नाव ठेवलं: कंपाउंडर. ते नाव इतकं बसलं की आता त्याचे नोकरही त्याला तेच म्हणतात. ताईने त्याला सांगितलं, आंबट, गार आणि जिभेला टोचेल असं काहीतरी द्या, दारू नको. त्याने लिंबू, आलं आणि सोडा घातला, ग्लासाच्या कडेला मीठ लावलं. ताईने एक घोट घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडाला काहीतरी पुरतं लागलं होतं. भावोजींनी एक खरंखुरं कॉकटेल घेतलं आणि ते संपल्यावर शेजारच्या अनोळखी माणसाला फोमचे प्रकार समजावून दिले. तो माणूसही ऐकत बसला, यावरून लाउंज किती चांगला आहे ते समजावं.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना सूपच्या दुकानात घोळ झाला. ताई आणि भावोजी सूप पीत होते. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाने पहिल्याच चमच्याला वाटी सरकवली आणि वेटरला सांगितलं की हे करपलंय, वासच सहन होत नाही. मालकीण धावत आली, तिने माफी मागितली, त्याच पातेल्यातलं सगळ्यांचं सूप परत घेतलं. भावोजींची वाटी मात्र रिकामी झाली होती. आणि थोड्याच वेळापूर्वी ते म्हणाले होते, छान आहे.

दुसऱ्या दिवशी ताई माझ्या गाडीत येऊन बसली. मी कुठे जायचं म्हणून विचारलं तर म्हणाली, कुठेच नाही, गाडी बंद कर.

"माझ्या हातचं करपतं का गं?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि इतके महिने गप्प बसून माझी सगळी शक्ती संपली होती. करपतं, म्हटलं. खारट होतं का, तिने विचारलं. मी म्हटलं, समुद्र. ती हसायला लागली, आणि हसता हसताच तिने मला वासाचं सगळं सांगितलं. मग मात्र मी ओरडले. आतापर्यंत कोणाही शिकाऊ माणसावर ओरडले नसेन इतकी ओरडले. बाहेरच्या माणसांना वाटलं असेल हिने कोणालातरी ठोकलं. मी तिला तशीच नाकाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले की बहुधा येईल, कधी ते सांगता येत नाही. रोज सकाळ संध्याकाळ लिंबू, लवंग, कॉफी हुंगत राहा, नाकाला आठवण करून द्या.

परत येताना तिने मला शपथ घातली की यातलं अक्षरही भावोजींना सांगायचं नाही. मला कारण कळेना. खुर्च्यांची अट हे निमित्तच होतं हे तिने आता ओळखलं होतं, आणि त्यांनी आपल्याला दयेपोटी फिरवलं याचं तिला वाईट वाटलं असेल असं मी समजत होते. तसं काही नव्हतं.

"माझं जेवण वाईट होतं म्हणून ते मला बाहेर नेतात," ती म्हणाली. "ते चांगलं व्हायला लागलं की शनिवार संपले. हे गाव मला मागच्या दारानेच माहीत होतं गं. आत्ता कुठे पुढून बघते आहे. मला वास नाही आला तरी चालेल, पण शनिवार जायला नको."

मी हॉर्न वाजवला. समोर कोणीही नव्हतं.

त्यानंतर मी पुन्हा तोंड मिटून घेतलं. दर शुक्रवारी निमूटपणे कोळसा खाल्ला, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शनिवार चालू राहिले, ताईचे किस्से चालू राहिले, कंपाउंडर तिच्यासाठी दर वेळी नवीन काहीतरी टोचणारं बनवत राहिला. असे काही महिने गेले. मग एका आठवड्यात माझी गाडी गॅरेजला होती आणि मी सहज म्हणून बुधवारी ताईकडे गेले. जिन्यातच थबकले. वरून जो वास येत होता तो मी वर्षभरात विसरून गेले होते. लसूण नेमका हवा तितका तांबूस झाल्याचा वास. मी आत गेले, झाकण काढलं, उभ्यानेच एक घास खाल्ला. ताईचा जुना हात, जसाच्या तसा. ताई न्हाणीघरातून बाहेर आली आणि मला बघून तिचा चेहरा असा झाला, जणू मी तिला चोरी करताना पकडलंय. आज चुकून बरं झालं, म्हणाली. भावोजी मापं घ्यायला बाहेरगावी गेले होते.

शुक्रवारी मी मुद्दाम तासभर आधी पोचले आणि दबक्या पावलांनी स्वयंपाकघरात गेले. ताई पातेल्यापुढे उभी होती. तिने आधी चव घेतली, समाधानाने मान हलवली, मग मिठाच्या बरणीत हात घातला, मूठ भरली, क्षणभर डोळे मिटले आणि हात पातेल्यावर नेला.

"ताई," मी म्हटलं.

मूठ सुटली ती सगळी पातेल्यातच.

मग तिने कबूल केलं. एका शनिवारी लाउंजमध्ये कंपाउंडरने तिच्या ग्लासावर संत्र्याची साल पिळली होती. नेहमी पिळायचाच. पण त्या दिवशी तिला काहीतरी झालं. आधी वाटलं कोणी हाक मारली. मग कळलं, वास आहे. संत्र्याचा. तिने साल उचलून नाकाशी धरली आणि तिथेच रडायला लागली. कंपाउंडर घाबरला, त्याला वाटलं डोळ्यांत उडालं. ती भावोजींना सांगायला वळली, तर भावोजी खुर्चीवर नव्हते. ते टेबलाखाली गुडघ्यांवर होते, खुर्चीचे पट्टे कोणी बसवलेत ते बघत. ते वर येईपर्यंत तिचा विचार बदलला होता. तिने डोळे पुसले आणि कंपाउंडरला बोटाने गप्प राहायला सांगितलं.

तेव्हापासून ती आठवडाभर बेताचं शिजवत होती आणि शुक्रवारी घात करत होती. शुक्रवारचा कोळसा हे तिचं शनिवारचं तिकीट होतं.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की तो साधा माणूस मुकाट्याने खातो म्हणून त्याला कितीदा विष घालशील, असा सगळ्याचा अर्थ होता. आणि माझं काय? मी काय पाप केलं होतं? ताई ओट्याला टेकून ऐकत राहिली. तिला ते पटत होतं. शेवटी मी म्हटलं, उद्या शनिवार आहे. उद्या मनासारखं शिजव, त्यांना पोटभर वाढ आणि काय होतं ते बघ.

"आणि ते म्हणाले, आता घरीच जेवत जाऊ, तर?"

"तर मी तुला नेईन."

"तू नको," ती लगेच म्हणाली. "तू वेटरवर ओरडतेस."

पण तिने केलं. धीर म्हणून मलाही बोलावलं. शनिवारी संध्याकाळी मी गेले तेव्हा तिने सगळं ओट्यावर मांडून ठेवलं होतं आणि स्वतः खिडकीत उभी होती. घरभर वास सुटला होता. तिला तो येत होता, आणि त्यात तिला आनंदही होत होता आणि भीतीही वाटत होती, दोन्ही तिच्या चेहऱ्यावर एकदम दिसत होतं. एवढी भित्री ती मला लहानपणीच्या परीक्षेलाही वाटली नव्हती.

भावोजी दुकान बंद करून वर आले. दारात किंचित थांबले, मग हातपाय धुऊन पाटावर बसले. ताईने वाढलं. त्यांनी पहिला घास घेतला आणि चावणं थांबवलं. आम्ही दोघी बघत होतो. ते नेहमीचं छान आहे म्हणाले नाहीत. खात राहिले. ताट संपवलं, पुन्हा मागितलं, तेही संपवलं, वाटी बोटाने पुसून घेतली, आणि मग पातेल्यात काही उरलंय का म्हणून मान उंच करून बघितलं. इतकं जेवलेला माणूस दुसरीकडे जेवायला जात नसतो. हात धुऊन ते आतल्या खोलीत निघून गेले. पलंग करकरल्यासारखा मला वाटला.

ताईने ताटं उचलली. "झालं," ती हळूच म्हणाली, "जेवले बिचारे पोटभर." तिचा आवाज अगदी सरळ होता आणि मला तिला सल्ला दिल्याबद्दल माझंच थोबाड फोडावंसं वाटलं. ती नळ सोडून भांडी विसळायला लागली.

तेवढ्यात भावोजी बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून विंचरलेले.

"आटप," ते ताईला म्हणाले. "कंपाउंडरने कोपऱ्यातलं टेबल धरून ठेवलंय."

ताईने नळ बंद केला. "अहो, जेवलात ना तुम्ही?"

"जेवलो की. वर्षभराचं जेवलो."

"मग कशाला जायचं?"

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी तिथून उठायला हवं होतं असा त्या बघण्याचा अर्थ होता. मी उठले नाही. तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली, त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले आणि त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब बोलणं बोलले.

ताईला वास येत नाही हे त्यांना केव्हाच कळलं होतं. दुकानात फोम चिकटवायच्या सोल्युशनचा डबा दिवसभर उघडा राहिला, त्या उग्र वासाने त्यांचं डोकं भणभणलं, तरी ती मशीनवर गुणगुणत बसायची. आणि परत आला तेही कळलं होतं. एक दिवस ती मशीनवरून उठली आणि काही न बोलता डब्याचं झाकण लावून आली.

"म्हणजे शुक्रवारचं मीठ..." ताई म्हणाली.

"मुद्दाम होतं ते. कळायचं मला."

"आणि तुम्ही खात होतात?"

"न खाऊन करतो काय? सांगितलं असतं तर तू नीट शिजवलं असतंस. मग मी शनिवारी कुठल्या तोंडाने म्हणणार होतो, बाहेर जाऊ या म्हणून? गावातल्या खुर्च्या तर कधीच बघून झाल्या."

"पण तुम्हाला कशाला हवा होता शनिवार?" ताई म्हणाली. "तुम्हाला तर काहीही चालतं."

भावोजी खुर्चीच्या पाठीवरची शिवण अंगठ्याने चाचपत राहिले. मग म्हणाले, "इथे आपण मापंच बोलतो. तिथे तू बोलतेस. त्या माशांच्या हॉटेलात तू सांगितलंस की लहानपणी तुला पोहायला शिकायचं होतं आणि कोणी शिकवलं नाही. इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून काम करतोय, मला हे माहीत नव्हतं. दर शनिवारी एकतरी अशी गोष्ट निघते. मी आठवडाभर त्याचीच वाट बघतो."

मी तिची बहीण. तिला पोहायला शिकायचं होतं, हे मलाही माहीत नव्हतं.

ताईने ओले हात पुसले, पुन्हा पुसले, आणि कपडे बदलायला आत गेली. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि ती हसत होती. भावोजींनी तिच्यासाठी दार उघडून धरलं, तिने मला ओट्यावरचं झाकून ठेवायला सांगितलं, आणि दोघं खाली उतरले. मी खिडकीत गेले. ते रस्त्याला लागायच्या आधीच ताईने काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, आणि भावोजी तिच्याकडे मान वळवून चालत मधूनमधून एवढंच विचारत होते, मग? मग पुढे?